सहा स्क्वेअरची तांब्याची केबल: आधी ओहम मोजले, मग बोअरमध्ये सोडली

वस्तू: सबमर्सिबल पंपाची थ्री कोअर (आत तीन वेगळ्या तारा) फ्लॅट केबल, तांब्याची, ६ स्क्वेअर एमएम (हे तारेच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, बोलताना नुसतं "स्क्वेअर"), २७० मीटर, मध्ये एकही जोड नाही. पंप पाच एचपीचा. ठिकाण तासगाव तालुक्यातली आमची द्राक्षबाग. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते खाली येईलच. निकाल आधीच सांगते, म्हणजे लाइट जायच्या आत ज्यांना मोटार चालू करायचीय त्यांचा खोळंबा नको: केबल चांगली आहे, घ्या. फक्त घेताना दुकानदाराला "किती अँपिअर चालेल?" एवढंच विचारून गप्प बसू नका. "किलोमीटरला किती ओहम?" असं विचारा. ओहम म्हणजे तार विजेला जो अडथळा करते, त्या रोधाचं माप. हा अभिप्राय मुळात त्या एका प्रश्नाबद्दलच आहे.

आमची मांडणी अशी. डीपी (ट्रान्सफॉर्मर) रस्त्याकडेला, स्टार्टरची पेटी तिच्या शेजारच्या खोलीत आणि बोअर बागेच्या खालच्या टोकाला ओढ्याजवळ. पेटीपासून बोअरच्या तोंडापर्यंत १६० मीटर, तिथून खाली पंपापर्यंत ११० मीटर. म्हणजे पंपाला मिळणारी वीज २७० मीटर तारेतून चालत येते. डीपीवर मोटारी भरपूर आणि आमची लाइन शेवटची, त्यामुळे सगळ्यांच्या मोटारी लागल्या की पेटीवरचा व्होल्टमीटर ४१५ सोडून ३७० दाखवतो. ते माझ्या हातात नाही. पेटीपासून पुढे किती व्होल्ट वाटेत सांडायचे, ते मात्र माझ्याच हातात आहे.

जुनी केबल बोअरवाल्याने पंप, पाइप आणि केबल असं सगळं एकत्र बसवून दिलं तेव्हाची. बिलावर "४ स्क्वेअर कॉपर" असं लिहिलेलं. चालू करताना मोटार आधी घुमायची, मग कशीबशी फिरायची. ॲमीटरचा काटा १०.८ वर. ऑक्टोबर छाटणीनंतर पाण्याची खरी गरज असते, नेमका तेव्हाच ओव्हरलोड ट्रिप व्हायचा. आणि मध्येच कधीतरी वायंडिंग जळायचं. मग क्रेन आणा, पाइप काढा, मोटार गावातल्या रिवायंडिंगवाल्याकडे न्या. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मत ठरलेलं: "मोटारच हलकी हाय." घरातल्या सगळ्यांचं मत तेच. मी बी.एस्सी. फिजिक्स, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग मुलांच्या दहावीच्या वह्या तपासण्यापलीकडे फारसा झाला नव्हता. या केबलने तो करून दिला.

रिवायंडिंगवाल्यांचं नाव लिहीत नाही, पण त्यांना या अभिप्रायात मानाचं पान आहे. जळलेली कॉइल बाहेर काढून त्यांनी मला दाखवली. तिन्ही फेजची तार सारखीच काळी पडलेली. ते म्हणाले, "वहिनी, एक फेज गेला असता तर काळेपणा एकसारखा आला नसता. ही मोटार उपाशी ठेवून राबवलेली आहे. व्होल्टेज कमी, मग करंट ओढणार, मग तापणार." तोवर आम्ही त्यांच्याकडे फक्त पैसे देत आलो होतो, कॉइल कधी कुणी बघितलीच नव्हती.

मग मी ठरवलं की नवी केबल घ्यायचीच, पण जुनीचं शवविच्छेदन करूनच. ती पंपाबरोबर वर आलेलीच होती, वरचा १६० मीटरचा भागही गुंडाळून आणला. वेटोळं शेडमध्ये असताना केबलची दोन्ही टोकं हाताशी असतात, आणि ही संधी पुन्हा मिळत नाही. एकदा बोअरमध्ये सोडली की एक टोक पाताळात.

साध्या मल्टिमीटरवर एक-दोन ओहम मोजायला जाऊ नका. त्याच्या लाल-काळ्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो आणि आकडा नाचतो. मी ट्रॅक्टरची बॅटरी घेतली, हेडलाइटचा बल्ब घेतला आणि बॅटरी, बल्ब, केबलची एक कोअर असं सरळ एकामागोमाग जोडलं. बल्ब अशासाठी की करंट आवाक्यात राहावा. एका मीटरने करंट पाहिला, दुसऱ्याने फक्त कोअरच्या दोन टोकांमधले व्होल्ट. करंट ३.१० अँपिअर, व्होल्ट ६.०५. भागाकार १.९५ ओहम. शेडमध्ये तापमान ३० अंश होतं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो (ॲल्युमिनियमचाही जवळपास तेवढाच), आणि सगळी प्रमाण कोष्टकं २० अंशांची असतात. तेवढी वजावट केल्यावर उरले १.८८.

आता हा आकडा बरा की वाईट हे कसं ठरवायचं? भारतीय मानक आयएस ८१३० मध्ये केबलच्या तारेचा जास्तीत जास्त रोध दिलेला आहे. लवचिक तांब्याच्या तारेसाठी किलोमीटरला १.५ स्क्वेअर असेल तर १३.३ ओहम, २.५ ला ७.९८, ४ ला ४.९५, ६ ला ३.३०. चार स्क्वेअरच्या २७० मीटरला १.३४ ओहमच्या वर जायला परवानगी नाही. आमची १.८८ वर गेलेली, म्हणजे तब्बल चाळीस टक्के जास्त.

पहिला संशय कुणालाही येईल तोच मलाही आला: चार म्हणून अडीच माथी मारली. चार स्क्वेअरची लवचिक तार बहुतेक ठिकाणी ०.३ मिलिमीटरच्या ५६ केसांची असते (तारेच्या बारीक धाग्यांना आमच्याकडे केस म्हणतात). कोअर सोलली, केस मोजले. छप्पन्न. रिवायंडिंगवाल्यांच्या मायक्रोमीटरवर एक केस धरला. ०.३० भरला. जाडी पूर्ण, संख्या पूर्ण, लांबी टेपने मोजलेली. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ काढलं तर ३.९६, म्हणजे चारच. चोरी जाडीत नव्हती.

तापमान तेच असेल तर तारेचा रोध तीनच गोष्टींनी ठरतो: लांबी जितकी जास्त तितका रोध जास्त, छेद जितका मोठा तितका कमी, आणि तिसरी गोष्ट म्हणजे तार कशाची आहे. या तिसऱ्या गोष्टीला रोधकता म्हणतात. ती त्या पदार्थाची असते, तारेच्या आकाराची नाही. तांब्याची तार केसाएवढी घ्या नाहीतर मनगटाएवढी, रोध बदलेल पण रोधकता तीच. लांबी खरी, छेद खरा आणि रोध मात्र चुकीचा, तर गुन्हेगार एकच उरतो. १.८८ ला छेदाने गुणून २७० ने भागलं. उत्तर आलं २.७५ गुणिले दहाचा उणे आठवा घात, ओहम मीटर. दहाचा घात सगळ्या धातूंना समानच राहणार, म्हणून पुढे नुसते आकडेच लिहिते. शुद्ध चांदी १.५९, तांबं १.६८, सोनं २.४४, ॲल्युमिनियम २.६५. वायरच्या धंद्यात मापदंड मानलेलं मऊ तांबं १.७२४, हा आकडा १९१३ पासून जगभर चालतो. केसांना पीळ असल्यामुळे त्यांची खरी लांबी केबलपेक्षा दोन-तीन टक्के जास्त भरते, ते धरलं तरी खऱ्या तांब्याला १.८ च्या आतबाहेर राहायला हवं. २.७५ हे तांबं नव्हतंच.

पण तार तर लालसर दिसत होती. इथे माझा जीए (द्राक्षावर फवारायचं संजीवक) मोजायचा काटा कामी आला. द्राक्षवाल्यांच्या घरात हा छोटा ग्रॅमचा काटा असतोच, जीएची पावडर त्याच्याशिवाय तोलता येत नाही. एक मीटर केबल कापली, तिन्ही कोअर सोलून नुसती तार काट्यावर ठेवली. चार स्क्वेअरच्या तीन कोअर खऱ्या तांब्याच्या असत्या तर मीटरला १०५ ग्रॅमच्या आसपास भरल्या असत्या. काट्यावर ४१. मग ब्लेडने एक केस खरवडला. लाल रंग सालीसारखा निघाला आणि आत पांढरं चकचकीत ॲल्युमिनियम. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार.

या दोन चाचण्यांची जोडी का लागते ते सांगते, कारण नुसता रोध मोजून थांबलं तर फसगत होते. मुलामावाली चार स्क्वेअर आणि खऱ्या तांब्याची अडीच-तीन स्क्वेअर, दोन्हींचा रोध जवळपास सारखाच येतो. मीटरला दोन्हीत फरक कळत नाही. वजनाला कळतो. आणि वजन करून बघायला फिजिक्सची पदवी लागत नाही. घरातल्या वायरिंगची ९० मीटरची कॉइल घेतानाही हेच करा: अडीच स्क्वेअरमध्ये नुसतं तांबंच साधारण दोन किलो असतं, प्लॅस्टिक वेगळं. सगळी कॉइल मिळून दोन किलो भरत नसेल तर ती कॉइल तिथेच ठेवा.

मामांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे ड्रिपची लाइन दोन इंचीच, पण आतनं क्षार धरलेली." एवढं नेमकं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

आता नव्या केबलकडे येते.

सांगलीच्या बाजारात बऱ्याच दुकानांत गेले. सगळीकडे प्रश्न एकच, "किती एचपी?" पाच म्हटलं की उत्तर तयार, "अडीच चालतंय, लई वाटलं तर चार." अंतर कुणी विचारत नाही. त्यांचंही एका परीने खरं असतं. अडीच स्क्वेअरमधून नऊ-दहा अँपिअर आरामात जातात, तार तापून जळत नाही. अँपिअरचा रकाना एवढंच सांगतो. वाटेत किती व्होल्ट मरणार हे त्या रकान्यात नसतंच, कारण ते लांबीवर आहे. घरात दहा-पंधरा मीटरला फरक पडत नाही. २७० मीटरला पडतो.

शेवटी एका दुकानात मी ओहमचा प्रश्न विचारला. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, हे पहिल्यांदाच कुणी विचारतंय." आणि आतून कंपनीचं कोष्टक काढून आणलं. त्यात सहा स्क्वेअरला ३.३०, मानकाप्रमाणेच. मी म्हटलं, हे कागदावरचं झालं, मला मोजू द्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीची गोष्ट ऐकून त्यांनी पोराला गोडाऊनमधून इन्व्हर्टरची बॅटरी आणायला लावली. बल्ब मी पर्समध्ये घेऊन गेले होते. (हेडलाइटचा बल्ब पर्समध्ये बाळगणारी बाई बघून तिथल्या गिऱ्हाइकांनी काय विचार केला असेल तो असो.) ड्रमवरचे मीटरचे छापील आकडे बघून २७० वर केबल कापली, पैसे मोजले, मग टोकं सोलली. करंट ३.८२, व्होल्ट ३.३६. रोध ०.८८, आणि २० अंशांना आणला तर ०.८५ च्याही जरा खाली. परवानगी ०.८९ पर्यंत आहे. पास. केस मोजले, चौऱ्याऐंशी. तेही बरोबर.

दुकानाची सेवा म्हणाल तर पैकीच्या पैकी. पक्कं बिल दिलं, त्यावर मानक क्रमांक आयएस ६९४, स्क्वेअर एमएम, तांबं आणि मीटर हे सगळं वेगवेगळं लिहून दिलं. मालक मोजणी संपेपर्यंत काउंटर सोडून शेजारी उभे होते आणि शेवटी म्हणाले, "आता मीच एक बल्ब ठेवतो हितं."

किंमत. तांब्याचा भाव रोज हलतो म्हणून रुपये लिहीत नाही, आठवडाभरात शिळे होतील. ढोबळमानाने सहा स्क्वेअर ही चारच्या दीडपट पडते, कारण आत तांबंच दीडपट आहे. आमच्या २७० मीटरमध्ये नुसतं तांबं ४३ किलोच्या आसपास. बिलातला मोठा हिस्सा त्याचाच. म्हणून कुणी "तांब्याची" केबल निम्म्या दरात देत असेल तर तो दानशूर नाही, एवढं समजून घ्या.

बसवल्यानंतरचा फरक. ॲमीटर १०.८ वरून ९.४ वर आला. मोटार बटण दाबल्याबरोबर उचलते, घुमणं बंद. खाली पंपापाशी व्होल्टमीटर लावता येत नाही, म्हणून तिथला हिशेब कागदावर. तार चालताना थोडी गरम असते, ते धरून जुनीचा रोध दोन ओहम. थ्री फेजमध्ये करंटला रोधाने आणि १.७३ ने गुणायचं, मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.८ धरून त्यानेही गुणायचं. जुन्या केबलमध्ये ३० व्होल्ट वाटेतच जात होते. नव्यात १२ जातात. पेटीवर ३७० असताना मोटारीला आधी ३४० मिळत होते, आता ३५८. अठरा व्होल्टांचं काय एवढं, असं वाटेल. पण मोटारीची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४१५ ला जी ताकद शंभर, ती ३४० ला सदुसष्ट आणि ३५८ ला चौऱ्याहत्तर. चालू होतानाचा करंट नेहमीच्या पाच-सहापट असतो, म्हणजे त्या क्षणी केबलमध्ये मरणारे व्होल्टही कितीतरी पटींनी वाढतात. मोटार आधी घुमत का बसायची याचं उत्तर हेच.

तारेतली उष्णताही मोजली. जुन्या केबलमध्ये तिन्ही तारा मिळून ७०० वॅट नुसते तापण्यात जात होते. नव्यात २४० च्या आसपास. आठ तास लाइट असली तर दिवसाला साडेतीन युनिटपेक्षा जास्त फरक. आता साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारची मोफत विजेची योजना आहे, त्यामुळे "बिल वाचेल" म्हणून केबल बदला असं मी कुणाला सांगणार नाही. वायंडिंग वाचतं. क्रेन वाचते. छाटणीनंतरच्या पंधरवड्यात बागेला पाणी मिळतं.

खरं चार स्क्वेअर घेतलं असतं तर? प्रामाणिकपणे सांगायचं तर भागलं असतं. तांब्याचं खरं चार स्क्वेअर आमच्या अंतराला १८ व्होल्टांच्या आसपास खातं. जिथे पेटीवर चारशेच्या वर व्होल्टेज मिळतं तिथे सहाचा हट्ट धरू नये, पैसे बागेत घालावेत. आमचं मुळातच ३७० वर येतं, म्हणून प्रत्येक व्होल्टासाठी जीव टाकला.

कापलेला अर्धा तारा कशाचा? एक म्हणजे ही केबल फार ताठ आहे. थंडीच्या दिवसात सकाळी उलगडायला घेतली तर जुन्या वेटोळ्याचा आकार सोडतच नाही. पंपाच्या पाइपाला क्लिपा मारताना दोन माणसं जास्त लागली. दुसरं, स्टार्टरच्या पेटीचं भोक आणि टर्मिनल चार स्क्वेअरचा विचार करून केलेले असतात. सहाचा लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) त्यात बसेना. पेटीचं भोक मोठं करावं लागलं आणि टर्मिनलला पिन टाइप लग वापरावे लागले. काही वायरमन अशा वेळी चौऱ्याऐंशीपैकी वीस-पंचवीस केस कापून तार "बसवून" देतात. आमच्याकडेही पक्कड पुढे आली होती, मी हात धरला. २७० मीटर सहा स्क्वेअर आणायची आणि शेवटच्या इंचात चार करायची, आणि नेमका तोच इंच तापून काळा होतो. तिसरं, वरच्या सालीवरचे छापील आकडे उन्हाने पुसट होतात. आमच्या १६० मीटरला आता एचडीपीई पाइपात घालून जमिनीत गाडलंय. उंदरांसाठीही तेच बरं. शिवाय एप्रिलच्या उन्हात उघड्या जमिनीवर पडलेली काळी केबल ५५ अंशांना सहज जाते आणि तेवढ्याने रोध २० अंशांच्या मानाने चौदा टक्क्यांनी वाढतो. विकत घेतलेल्या तांब्यातला सातवा-आठवा हिस्सा उन्हाला देऊन टाकल्यासारखं ते होतं.

जाता जाता भेसळीबद्दल. मुलामा हा एक प्रकार. दुसरा म्हणजे भंगारातलं अशुद्ध तांबं वितळवून काढलेली तार. ती वजनाला पूर्ण भरते, रंगालाही तांबडीच, त्यामुळे काटा तिथे उपयोगाचा नाही, तिथे मीटरच लागतो. तांब्यात परका धातू गेला की रोधकता नुसती सरासरीने वाढत नाही, उडीच मारते. तांबं १.६८, जस्त ५.९. दोन्ही मिळून पितळ केलं तर मधला आकडा यावा असं वाटतं, पण नेहमीच्या पितळेची रोधकता सहा-सातच्या घरात, जस्ताच्याही वर. धातूच्या कणांच्या शिस्तबद्ध रांगांमधून इलेक्ट्रॉन वाहतात आणि रांगेत परका कण आला की त्यांना अडखळा होतो. विजेच्या शेगडीतला निक्रोम हा अडखळा मुद्दाम वाढवूनच केलेला मिश्रधातू, त्याचा आकडा शंभर ते एकशेदहा. म्हणून शेगडीला जाणारी तांब्याची वायर थंड आणि तोच करंट वाहणारी आतली कॉइल लाल. केबलमध्ये असलं लाल काही नको असेल तर तांबं शुद्धच हवं.

आणि ॲल्युमिनियमला शिव्या द्यायचं कारण नाही. बागेवरून जाणाऱ्या खांबांवरच्या तारा बघा, वायरमन ज्यांना रॅबिट, डॉग म्हणतात त्या. मध्ये पोलाद ताणासाठी, भोवती ॲल्युमिनियम. तेवढ्याच रोधाला ॲल्युमिनियमच्या तारेचा छेद तांब्याच्या दीडपटीहून मोठा लागतो, पण वजन निम्म्याच्याही खाली. खांबावर ताणायला वजनच महत्त्वाचं, जाडीला तिथे कोण विचारतो. राग येतो तो ॲल्युमिनियमला तांबं म्हणून विकण्याचा. कारण त्याच्या रोधकतेप्रमाणे जाडी वाढवलेली नसते.

आमच्या वरच्या बाजूला एका शेतकऱ्याची साडेसात एचपीची मोटार आहे, विहीर चारशे मीटरवर. आमची केबल बघून ते तांब्याची दहा स्क्वेअर घ्यायला निघाले होते. त्यांना कोष्टक दाखवलं: लवचिक तांब्याची १० स्क्वेअर किलोमीटरला १.९१ ओहम, ॲल्युमिनियमची १६ स्क्वेअर, तीही १.९१. आकडा तोच. चारशे मीटरला दहा स्क्वेअरमध्ये तांबं १०७ किलो लागतं, सोळा स्क्वेअरमध्ये ॲल्युमिनियम ५२ किलो, आणि किलोचा भावही तांब्याच्या मानाने कितीतरी कमी. त्यांनी वरच्या लांबीला ॲल्युमिनियमचीच घेतली, विहिरीत उतरणारा तुकडा तेवढा तांब्याचा ठेवला. दोन्ही धातू जिथे भेटतात तिथे बायमेटॅलिक लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम) लावून जोडाची पेटी विहिरीच्या काठापासून लांब, कोरड्यात घेतली आहे. ॲल्युमिनियमवर पटकन ऑक्साइड धरतो आणि जोड सैल पडून तापतो, म्हणून दर छाटणीला ती पेटी उघडून स्क्रू आवळायचे, हे मात्र त्यांनी पेटीच्या झाकणावर खडूने नाही, ऑइलपेंटने लिहून घेतलंय.